मात्रेचा हिशेब

गेल्या वर्षी आत्याला घेऊन इंदापूर तालुक्यातल्या एका एक्स-रे सेंटरला गेलो होतो. उसाला पाणी देताना चारीत पाय घसरून ती पडली होती आणि मनगट सुजले होते. दारावर लाल दिवा, त्याखाली पिवळ्या पत्र्यावर तीन पाकळ्यांचे काळे चिन्ह, आणि मराठीत पाटी: गरोदर असल्यास किंवा तशी शक्यता असल्यास आधी सांगावे. आत मशीनशेजारच्या भिंतीवर कॅलेंडर होते आणि कॅलेंडरच्याच खिळ्याला प्लास्टिकचा एक छोटा बिल्ला लटकत होता. तंत्रज्ञ मुलगा चपळ, कामात वाकबगार. "आजी, हात असाच ठेवा, हलू नका," म्हणून तो आडोशामागे गेला, बटण दाबले, झाले. निघताना मी बिल्ल्याबद्दल विचारले. "तो होय? तीन महिन्यांनी बदलून येतो. घातला काय आणि टांगला काय, जायचा तर लॅबलाच आहे," तो म्हणाला. आत्याचा प्रश्न वेगळा होता. "ह्या किरनांचं अंगात काय ऱ्हातंय का रं?"

दोन्ही बोलणी डोक्यातून गेली नाहीत. आत्याला उत्तर द्यायचे आणि त्या मुलाशी वाद घालायचा, तर काही शब्द नीट समजून घ्यावे लागतात: मात्रा, मर्यादा, ग्रे, सीव्हर्ट, अनाथ स्रोत. नियमावलीच्या पानावर ते कोरडे दिसतात. पण यातला जवळजवळ प्रत्येक शब्द आधी कुणाच्या तरी अंगावर उमटला आणि मग नियमात आला.

मात्रा हा शब्द तर बारामतीच्या अंगणातला. मोरोपंत (१७२९–१७९४) बारामतीला बाबूजी नाइकांच्या आश्रयाने राहिले आणि आयुष्यभर मात्रा मोजत राहिले. त्यांच्या बहुतेक आर्या गीती: पहिल्या चरणात १२ मात्रा, दुसऱ्यात १८, पुन्हा १२, पुन्हा १८. एक मात्रा कमीजास्त झाली की कान लगेच अडखळतो. वैद्याने सहाणेवर उगाळलेली मात्राही आपल्या ओळखीची, ती जिभेला कळते. किरणांची मात्रा मात्र कानाला कळत नाही, जिभेला नाही, कातडीलाही लगेच नाही. सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्हेल्म रोंटगेनला जर्मनीतल्या व्युर्ट्‌सबुर्गमध्ये हे किरण सापडले. ते काय आहेत हे ठाऊक नव्हते म्हणून त्याने बीजगणितातल्या अज्ञात राशीचे अक्षर त्यांना दिले. मराठीने ते अक्षर उचलले नाही, आपले अज्ञात राशीचे अक्षर दिले: क्ष. क्ष-किरण हा आपल्या परिभाषेतला मला सर्वांत आवडणारा शब्द आहे, कारण त्यात शोधामागचे कुतूहल जसेच्या तसे उतरले. पुढे वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोशाचे काम झाले, तेव्हा आणखी एक काळजी घेतली गेली. कुठल्याही उगमातून बाहेर पडणाऱ्या ऊर्जेला 'प्रारण' म्हटले, आणि अणुकेंद्र आपोआप फुटून जे बाहेर टाकते त्याला 'किरणोत्सर्ग'. वर्तमानपत्रांनी पुढे दोन्हींना किरणोत्सर्गच म्हणायला सुरुवात केली आणि विश्वकोशाने जपलेला भेद पुसला गेला. एक्स-रे मशीन बंद केले की प्रारण संपते, दिवा विझवल्यासारखे. किरणोत्सारी पदार्थाला मात्र बटण नसते. आत्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या एका भेदात आहे.

सुरुवातीच्या वर्षांत मात्रा नीट मोजलीच जात नव्हती. मशीन चालू आहे का हे बघायला डॉक्टर आणि मदतनीस स्वतःचाच हात किरणांत धरत. हाडे स्पष्ट दिसली की मशीन ठीक. एडिसनच्या कार्यशाळेतला क्लॅरेन्स डॅली असेच काम करत होता. आधी हातांची कातडी भाजल्यासारखी झाली, मग जखमा, मग कर्करोग. एकेक करून हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये तो गेला. डॅलीचे हाल पाहून एडिसनने क्ष-किरणांचे काम सोडून दिले. जर्मनीत हॅम्बुर्गला १९३६ मध्ये अशा लोकांचे स्मारक उभे राहिले, त्यावर पहिल्याच खेपेला १६९ नावे कोरली गेली.

त्या काळातले मोजमापच मुळी कातडी होते. जेवढ्या किरणांनी कातडी लाल होते तेवढी एक मात्रा, असा हिशेब. १९२५ मध्ये आर्थर मुट्‌शेलर या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवले की महिनाभरात त्या लाल होण्याच्या मात्रेचा शंभरावा भाग मिळाला तर माणूस तो सहन करू शकेल. यातून पहिला नियामक शब्द जन्मला: सहन-मात्रा. शरीर एका पातळीपर्यंत सोसते आणि त्याखाली काहीच होत नाही, ही त्यामागची समजूत. १९२८ मध्ये स्टॉकहोमला भरलेल्या किरणवैद्यकाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत संरक्षणासाठी एक समिती नेमली गेली. स्वीडनचा तरुण भौतिकशास्त्रज्ञ रोल्फ सीव्हर्ट तिच्यात होता. याच समितीला आज आपण आंतरराष्ट्रीय किरण-संरक्षण आयोग म्हणतो. १९३४ मध्ये तिने आकडा दिला: दिवसाला ०.२ रोंटगेन (क्ष-किरणांचे तेव्हाचे एकक). वर्षात ३०० दिवस काम धरले तर ६० रोंटगेन होतात, आजच्या एककात पाचशे मिलिसीव्हर्टच्या वर. आज कामगाराला वर्षाला सरासरी २० चालतात. त्याच वर्षी, ४ जुलै १९३४ रोजी, मारी क्युरी रक्तक्षयाच्या दुर्धर आजाराने वारल्या. त्यांच्या अस्थिमज्जेने रक्त तयार करणेच सोडले होते.

सोसण्याच्या या कल्पनेला पहिला मोठा तडा न्यू जर्सीतल्या कामगार मुलींनी दिला. घड्याळाच्या तबकड्या अंधारात चमकाव्यात म्हणून त्या रेडियमचा रंग लावत आणि कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरत. रेडियम कॅल्शियमसारखे वागते, म्हणून ते थेट हाडांत जाऊन बसले. जबडे सडले. पाच जणींनी कंपनीवर खटला भरला आणि १९२८ मध्ये तडजोड झाली. बाहेरून पडणारे किरण आणि अंगात जाऊन बसलेला स्रोत या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात, हे नियमांत आले ते या मुलींमुळे. दुसरा तडा प्रयोगशाळेतून आला. हर्मन मुलरने १९२७ मध्ये फळमाशांवर क्ष-किरण सोडून दाखवले की आनुवंशिक बदल घडतात, आणि मात्रा वाढेल तसे ते वाढतात. म्हणजे सोसण्याची अशी खालची रेषा दाखवता येत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर 'सहन' हा शब्द मागे पडला आणि 'अनुज्ञेय' आला. शरीर सोसते असे म्हणणे सोडून, एवढ्याची मुभा आहे असे म्हणू लागले. १९७७ मध्ये आयोगाने तोही बाजूला ठेवला आणि तीन प्रश्नांचा क्रम लावला. हे किरण वापरण्याची गरज आहे का? असेल तर मात्रा जमेल तितकी कमी ठेवली का? आणि एवढे करूनही ती मर्यादेत आहे का?

सहन, मग मुभा, मग मर्यादा. पन्नास वर्षांचा हा प्रवास मला माणसाच्या शहाणपणाचा वाटतो. मर्यादा हा यात शेवटचा शब्द आहे, पहिला नव्हे. मर्यादेच्या आत आहे म्हणून चालू द्या, हे म्हणणे नियमाच्या भाषेत पुरत नाही.

आता ग्रे आणि सीव्हर्ट. लोक इथे गोंधळतात, पण उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला हे समजायला सोपे आहे. एक किलो पदार्थात किरणांची एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की ती एक ग्रे. हे कारखान्याच्या काट्यावरचे टनेज झाले. पण टनाने ऊस मोजला म्हणून साखर किती हे कळत नाही, त्यासाठी उतारा बघावा लागतो. तसे त्या ऊर्जेने शरीराचे किती बिघडू शकते हे सीव्हर्ट सांगतो. क्ष-किरणांचा एक ग्रे आणि अल्फा कणांचा एक ग्रे टनेजला सारखेच, पण अल्फाचा मारा वीसपट धरला जातो. ग्रे हे नाव ब्रिटिश शास्त्रज्ञ लुई हॅरॉल्ड ग्रे याच्यावरून १९७५ मध्ये आले, सीव्हर्ट १९७९ मध्ये.

या पट्ट्यातला डाळिंब उत्पादक ग्रे हा शब्द आता व्यापाऱ्याच्या तोंडून ऐकतो. अमेरिकेत भारतीय डाळिंब पाठवायचे तर त्यातल्या किडीचा बंदोबस्त करण्यासाठी फळाला किमान ४०० ग्रे मात्रा द्यावी लागते. त्याआधी आंब्याने ही वाट पाडली: नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावला २००२ मध्ये कांद्यासाठी उभारलेल्या 'कृषक' केंद्रात प्रक्रिया होऊन २००७ च्या एप्रिलमध्ये आंबे अमेरिकेला गेले. मार्च २०२५ मध्ये वाशीला पणन मंडळाच्या केंद्रात प्रक्रिया झालेले भगव्या डाळिंबाचे ४,६२० खोके, सुमारे १४ टन माल, समुद्रमार्गे न्यूयॉर्कला उतरले. पहिल्यांदाच. ४०० हा आकडा ऐकून दचकायला होते, आणि ते योग्यच आहे. माणसाच्या सर्वांगाला एकदम ४ ग्रे मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर साधारण निम्मी माणसे महिना-दोन महिन्यांत दगावतात. त्याच्या शंभरपट मात्रा घेतलेले फळ मात्र खुशाल खाता येते, कारण कोबाल्ट-६० च्या गामा किरणांमध्ये दुसऱ्या अणुकेंद्राला किरणोत्सारी करण्याइतकी ऊर्जाच नसते. किरण फळातून आरपार जातात, अळीच्या पेशी मोडतात आणि संपतात. उन्हात वाळवलेल्या सांडग्यात रात्री ऊन उरत नाही, तसे. आत्याला मी हेच सांगितले. शिवाय मनगटाच्या एक्स-रेची मात्रा साधारण ०.००१ मिलिसीव्हर्ट, म्हणजे जमीन, आकाश आणि अन्न यांतून कुणालाही एका दिवसात मिळते त्याहून कमी. तिचे समाधान झाले. "मग त्या पोराचं काय? त्यो दिसभर हितंच असतोय की," ती म्हणाली.

त्या पोराचा हिशेब ठेवण्यासाठीच तर तो बिल्ला आहे.

तुर्भ्याला १९५६ च्या ऑगस्टमध्ये 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली, तेव्हापासून तिथे काम करणाऱ्यांची मात्रा मोजण्याला महत्त्व आले. सुरुवातीला फोटोफिल्मचे बिल्ले होते. फिल्म काळी पडली की किरण लागले. पण आपल्याकडचा उन्हाळा आणि पावसाळ्यातला ओलावा फिल्मला मानवत नाही. १९७५ पासून भाभा अणुसंशोधन केंद्राने नवे बिल्ले आणले, टीएलडी नावाचे. आत अॅल्युमिनियमची एक पट्टी असते आणि तिच्यावर शर्टाच्या बटणाएवढ्या तीन चकत्या. एक चकती धातूच्या झाकणाखाली, एक प्लास्टिकच्या, तिसरी उघडी. यावरून कुठल्या जातीचे किरण होते हे ओळखता येते. चकत्या बनतात डिस्प्रोशियम हे दुर्मीळ मूलद्रव्य किंचित मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटपासून. कॅल्शियम सल्फेट म्हणजे जिप्सम. नीरा डाव्या कालव्याखालच्या चोपण जमिनीत शेतकरी पोत्यांनी टाकतात, त्याच जातीचा पदार्थ. किरण पडले की त्यांची ऊर्जा या स्फटिकात अडकून राहते. तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत चकती गरम केली की ती मिणमिणता उजेड सोडते, आणि जितका उजेड तितकी मात्रा. मला यात कमालीचे काहीतरी दिसते: तीन महिने एका माणसाच्या छातीवर जे पडले ते एका खड्याने लक्षात ठेवलेले असते.

आता तो बिल्ला खिळ्यावर टांगला की काय होते बघा. खिळा मशीनच्या खोलीत असेल तर कुणाच्याच अंगाला न लागलेली मात्रा त्या मुलाच्या नावावर चढते. खोलीबाहेर असेल तर खरोखर लागलेली मात्रा कुठेच चढत नाही. दोन्ही वेळा कागदावर आकडा येतो, आणि दोन्ही वेळा तो खोटा असतो.

कायद्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९६२ मध्ये अणुऊर्जा कायदा झाला, १९७१ मध्ये त्याखाली किरण-संरक्षणाचे नियम आले, २००४ मध्ये ते नव्याने लिहिले गेले. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. त्याचे कार्यालय मुंबईच्या अणुशक्तीनगरात आहे, नाव नियामक भवन. मंडळाची मर्यादा स्पष्ट आहे: किरणांचे काम करणाऱ्याला पाच वर्षांत मिळून १०० मिलिसीव्हर्ट, म्हणजे वर्षाला सरासरी २०, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. आंतरराष्ट्रीय आयोग एखाद्या वर्षी ५० पर्यंत जाऊ देतो, आपण नाही. सर्वसामान्य माणसाला वर्षाला १. एक्स-रेच्या खोलीसाठीही नियम आहेत: भिंत नऊ इंची विटांची किंवा तेवढाच अडसर करणाऱ्या शिशाची, दारावर दिवा, स्थानिक भाषेत पाटी.

कागद उत्तम होता. पण २०१२ च्या ऑगस्टमध्ये कॅगचा, म्हणजे महालेखापरीक्षकांचा, अहवाल संसदेत आला आणि कागदाबाहेरचे दिसले. देशात वैद्यकीय एक्स-रेची ५७,४४३ केंद्रे, त्यांतली मंडळाकडे नोंदलेली ५,२७०. उरलेली ५२,१७३, म्हणजे शंभरातली एक्याण्णव, नोंदणीशिवाय चालू होती. प्रत्येक राज्यात किरण सुरक्षा संचालनालय काढा असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सांगितले होते. अकरा वर्षांनी अशी संचालनालये फक्त केरळ आणि मिझोराममध्ये होती. अणुभट्टीच्या सुरक्षेवर देशभर वाद झडत होते. तालुक्याच्या गावातली, बाजारपेठेच्या बोळातली एक्स-रेची खोली कुणाच्या खिजगणतीतही नव्हती, आणि किरणांशी गाठ पडणारे बहुतेक लोक त्याच खोलीत उभे असतात. हा अहवाल माझ्या मते भारतातल्या किरण सुरक्षेच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा कागद आहे. त्यानंतर परवान्याचे काम 'ई-लोरा' नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेवर गेले आणि नोंदणीला वेग आला. बारामती आता वैद्यकीय शिक्षणाचे गाव झाले आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१९ मध्ये सुरू झाले. सीटी स्कॅन पूर्वी पुण्याला जाऊन करावा लागे, आता तालुक्यात होतो. पोटाच्या एका सीटीची मात्रा ८ मिलिसीव्हर्टच्या आसपास असते, आत्याच्या मनगटाच्या हजारो पट. म्हणून 'गरज आहे का' हा पहिला प्रश्न आज पूर्वीपेक्षा जास्त वेळा विचारायला हवा.

त्या अहवालाच्या दोन वर्षे आधी दिल्लीने एक शब्द देशाला शिकवला होता: अनाथ स्रोत, म्हणजे कुणाच्याच देखरेखीखाली नसलेला किरणोत्सारी पदार्थ. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-६० असलेले एक जुने उपकरण १९८५ पासून पडून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते भंगारात लिलावाने विकले गेले. मायापुरीच्या भंगार बाजारात शिशासाठी ते फोडले आणि आतले कोबाल्ट उघडे पडले. एप्रिलमध्ये माणसे आजारी पडू लागली, हात काळे पडले, एकाचा जीव गेला. त्याआधी १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानियात बंद पडलेल्या दवाखान्यातून काढलेल्या उपकरणात निळसर चमकणारी पूड सापडली. लोकांनी कौतुकाने ती घरी नेली, अंगाला लावली. ते सीझियम होते. चार जण गेले, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. तीन पाकळ्यांचे चिन्ह सगळ्यांनाच काही सांगते असे नाही. म्हणून २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थांनी एक नवे चिन्ह जोडीला आणले: लाल रंग, कवटी, आणि पळणारा माणूस. अक्षर न येणाऱ्यालाही कळेल असे.

आपल्या पट्ट्यातही असा स्रोत येतो: साखर कारखान्याच्या हंगामाआधी बॉयलरची जोडणी तपासायला किरणोत्सारी इरिडियम-१९२ वापरतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ते ज्यात ठेवतात त्या उपकरणाला तिथे 'कॅमेरा' म्हणतात. वेल्डिंगमधली पोकळी फिल्मवर दिसते. काम शक्यतो रात्री, माणसांची वर्दळ नसताना चालते, भोवती दोरी बांधतात. त्या दोरीच्या आतला भाग म्हणजेच नियमावलीतले नियंत्रित क्षेत्र. सगळी सुरक्षा शेवटी तीन साध्या शब्दांवर येते: वेळ, अंतर, आडोसा. थोडा वेळ थांबा. लांब राहा, कारण अंतर दुप्पट झाले की मात्रा चौथाई होते. मध्ये जाड काहीतरी असू द्या. त्या दोरीच्या आत शॉर्टकट म्हणून कुणी जाऊ नये, आणि तीन पाकळ्यांचे चिन्ह असलेली जड लोखंडी डबी भंगारात दिसली तर तिला हात न लावता पोलिसांना कळवावे.

आत्याचे मनगट सहा आठवड्यांत जुळले. तुम्ही पुढच्या वेळी घरच्या कुणाला एक्स-रेला घेऊन जाल, तेव्हा दारावरची पाटी वाचा. भिंतीवर मंडळाचा परवाना लावला आहे का बघा. सीटी सांगितला तर तो का हवा हे डॉक्टरांना विचारा. आणि बिल्ला कॅलेंडरच्या खिळ्यावर दिसला, तर त्या मुलाला सांगा: दादा, तो छातीवर लाव, हिशेब तुझा आहे.